बाकावर बसलेली विधवा

सामान्य काळातील एकोणतिसावा रविवार (वर्ष 'क')
वाचने : निर्गम १७:८-१३, २ तीमथ्य ३:१४-४:२, लूक १८:१-८



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका विधवेची गोष्ट सांगतो. एका नगरात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचे भय, ना माणसांची पर्वा. त्याच नगरातली एक विधवा न्याय मागण्यासाठी त्याच्या दारी पुन्हा पुन्हा येत राहिली. बरेच दिवस त्याने दाद दिली नाही. शेवटी ही बाई आपला पिच्छा सोडणार नाही, म्हणून तरी तिला न्याय द्यावा, असे त्याने ठरवले.

हा दाखला आम्ही पुष्कळदा समजावून सांगितला आहे. विधवेसारखी चिकाटी ठेवा, प्रार्थना सोडू नका, हाच त्याचा बोध. संत लूक स्वतःही सुरुवातीलाच तसे लिहितो. पण २०२२ साली या दाखल्यात आम्हाला आमची स्वतःची जागा सापडली, आणि ती विधवेची नव्हती. आज ती गोष्ट आपल्यापुढे ठेवत आहोत. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नाव-गाव मात्र सांगत नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो.

सोमवारची सकाळ होती. कार्यालयात स्नानसंस्काराचे दाखले नेणाऱ्यांची गर्दी होती. साठीच्या पुढची एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून पुढे करू लागली. पत्र इंग्रजीत टाईप केलेले होते. फक्त आमची सही आणि चर्चचा शिक्का बाकी होता. तिची मुलगी कॅनडात होती आणि पत्र तिच्यासाठी होते. त्यात लिहिले होते की, या कुटुंबाला धर्मावरून धमक्या येतात, त्यांच्या घरावर दगडफेक झाली, मुलगी परतली तर तिच्या जिवाला धोका आहे, आणि हे सारे प्रमुख धर्मगुरूंना व्यक्तिशः ठाऊक आहे.

आम्ही विचारले, "मावशी, घरावर दगड पडले का?"

"नाही फादर."

"मग हे कोणी लिहिलं?"

"तिकडच्या एजंटाने. तो म्हणाला, फादरची सही आणा, काम झालंच समजा."

आम्ही कागद परत तिच्या हाती दिला. "खोट्यावर देवळाचा शिक्का बसणार नाही," एवढेच बोललो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. आपण सत्याच्या बाजूने ठाम उभे राहिलो, याचे त्या संध्याकाळी समाधानही वाटले.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. आम्ही दारातूनच सांगितले, "सांगितलं ना मावशी, जमणार नाही." शुक्रवारी ती तिसऱ्यांदा आली आणि काही न बोलता बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आम्ही आत रविवारच्या प्रवचनाची तयारी करत होतो. आपल्या मिस्सातील वाचने तीन वर्षांनी फिरून येतात. त्या रविवारीही हेच वाचन होते. आम्ही कागदावर 'विधवेची चिकाटी' असे लिहून त्याखाली रेघ मारली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातील ताई सांगायला आली, "फादर, जेवण वाढलंय, आणि ती मावशी अजून बाहेरच बसलीय." मावशीचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले होते, हे आम्हाला माहीत होते.

आत विधवेवर प्रवचन तयार होत होते आणि विधवा बाहेर बाकावर बसली होती. हातातला पेन खाली ठेवावा लागला.

आम्ही तिला आत बोलावले आणि पहिल्या दिवशी जे विचारायला हवे होते ते विचारले, "मुलीचं खरं काय झालं?"

खरी हकिकत

मुलगी २०१३ साली कॅनडाला गेली. वृद्धांची व मुलांची काळजी घेण्यासाठी त्यांच्याच घरी राहून काम करणाऱ्या परदेशी कामगारांसाठी कॅनडाने १९९२ साली एक योजना सुरू केली होती. २०१४ साली नवीन अर्जदारांसाठी ती बंद झाली. त्या योजनेत चार वर्षांच्या आत चोवीस महिने काम पूर्ण केले, की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे. मुलगी ज्या आजीबाईंची सेवा करत होती, त्या चौदा महिन्यांतच वारल्या. दुसरे घर मिळाले, पण त्याची कागदपत्रे वेळेत झाली नाहीत. मुदत संपली. दरम्यान तिथेच लग्न झाले, २०१६ साली मुलगी झाली आणि नवरा एक दिवस निघून गेला. पुढे परवानाही संपला. तेव्हापासून लोकांच्या घरची साफसफाई आणि आजारी माणसांची सेवा करून ती लेकीला वाढवत होती. २०१८ साली वडील वारले, तेव्हा ती मातीला येऊ शकली नाही. आली असती तर परत जाता आले नसते. "फोनवर रडली, फादर," मावशी म्हणाली, "मी इकडं फोन शवपेटीजवळ धरला होता."

यातले एकही वाक्य एजंटाच्या कागदात नव्हते.

आता तिने मानवतेच्या आधारावर कायम वास्तव्य मिळावे म्हणून अर्ज करायचे ठरवले होते. हा प्रकार काय असतो, ते आम्ही नंतर समजून घेतले. आपल्यापैकी अनेकांची मुले-बाळे परदेशात आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

कॅनडाचा स्थलांतरितांविषयीचा सध्याचा कायदा जून २००२ पासून लागू आहे. त्यातील कलम २५ म्हणते की, एखाद्याचा अर्ज नेहमीच्या नियमांत बसत नसला, तरी माणुसकीच्या आणि करुणेच्या कारणांसाठी त्याला सूट देता येईल. अधिकारी मुख्यतः चार गोष्टी पाहतो. माणूस तिथे किती रुजला आहे? तिथे त्याची नातीगोती काय आहेत? या निर्णयाचा परिणाम ज्या मुलांवर होणार, त्यांचे हित कशात आहे? आणि अर्ज नाकारला तर त्या माणसाचे काय होईल? हा निर्वासिताचा दावा नव्हे. तो वेगळा मार्ग आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत.

हे दार सताड उघडे नसते. नुसता अर्ज केल्याने देशात राहण्याचा हक्क मिळत नाही, कामाचा परवाना मिळत नाही, देशाबाहेर काढण्याची कारवाईही थांबत नाही. पहिल्या टप्प्यात सूट मंजूर झाली, तरी दुसऱ्या टप्प्यात वैद्यकीय, गुन्हेविषयक आणि सुरक्षेची तपासणी होते. सरकार दरवर्षी या गटातून किती जणांना घ्यायचे ते ठरवते, त्यामुळे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. नकार आला तर अपील नाही. फक्त निर्णय योग्य रीतीने घेतला गेला का, हे तपासण्याची विनंती पंधरा दिवसांच्या आत फेडरल कोर्टाला करता येते. सारे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. बहुधा समोरासमोर भेटही होत नाही. अधिकारी कागद वाचतो आणि ठरवतो. त्या कागदांतच माणूस दिसला पाहिजे.

आणि कागदात खोटे सापडले तर पाच वर्षे त्या देशात प्रवेश बंद होतो. शिवाय धर्मावरून खरोखर छळ झालेला एखादा माणूस उद्या तसेच पत्र घेऊन उभा राहिला, तर खोट्या पत्रांनी कंटाळलेला अधिकारी त्याच्याकडेही संशयानेच पाहील. आपले खोटे दुसऱ्याच्या खऱ्याला मारते. आमचा पहिल्या दिवसाचा नकार चूक नव्हता. तो देऊन तिथेच थांबलो, ही आमची चूक होती.

शिशाची पट्टी

नियम मोडून सूट द्यायची, तर मग नियम कशाला? असे कोणी विचारील. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दृष्टांत वाचला होता. लेस्बोस बेटावरचे गवंडी मोजमापासाठी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी वाकत नाही. दगड ओबडधोबड असला तर तिला त्याचे माप घेता येत नाही. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते आणि खरे माप देते. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वांसाठी मिळून बोलतो, पण आयुष्ये एकेकट्याची असतात. जिथे नियम अपुरा पडतो, तिथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने काय सांगितले असते, ते ओळखून न्याय करावा. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला आणि याला सद्गुण म्हटले, न्यायाचाच एक भाग म्हटले. दया ही न्यायाला पडलेली भेग नव्हे. ओबडधोबड दगडाचे खरे माप घेणारा तो न्यायच आहे.

पण पट्टी धरणारा हात कोणाचा, हेही पाहावे लागते. जमैका देशातील मेव्हिस बेकर ही बाई १९८१ साली कॅनडात आली आणि अकरा वर्षे लोकांच्या घरी राहून घरकाम करत राहिली. कायम वास्तव्य तिला कधीच मिळाले नाही. तिथे तिला चार मुले झाली. पुढे मानसिक आजार जडला आणि १९९२ साली तिला देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. तिने माणुसकीच्या आधारावर अर्ज केला, तो नाकारला गेला. अधिकाऱ्याने लिहिलेली टिपणे बाहेर आली, तेव्हा त्यांत तिच्याविषयीचा तिटकारा स्पष्ट दिसत होता. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अधिकाऱ्याचे मन कलुषित असल्याचे कोणाही समंजस माणसाला वाटेल, आणि मुलांच्या हिताकडे सावधपणे, संवेदनेने पाहिलेच गेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या श्रीलंकेतले आहे. कंदसामी नावाचा तमिळ मुलगा २०१० साली, सतराव्या वर्षी, कॅनडात आपल्या काकांकडे आला. निर्वासित म्हणून केलेला दावा फेटाळला गेला आणि माणुसकीचा अर्जही. त्याच्या मनावर आघात झाला आहे, हे अधिकाऱ्याला मान्य होते, पण मग उपचार घेतल्याचा पुरावा कुठे आहे, असे त्याने विचारले. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णयही रद्द केला. एकेक अडचण सुटी काढून ती पुरेशी मोठी आहे का हे न मोजता, सगळा माणूस एकत्र पाहा, असे न्यायालयाने सांगितले. त्यासाठी १९७० सालच्या एका जुन्या निकालातील कसोटीचा आधार घेतला. तिचा आशय असा की, जे वास्तव समोर आल्यावर सुसंस्कृत समाजातील समंजस माणसाला दुसऱ्याचे दुःख हलके करावेसे वाटेल, ते खरे कारण.

आपल्या भाषेत याला कळवळा म्हणतात. मात्र वास्तव आधी समोर यायला हवे. न विचारता, न ऐकता कळवळा येत नाही. आम्ही दोनदा त्या मावशीला परत पाठवले, कारण आमच्यासमोर फक्त कागद होता.

मोशेचे हात

पहिल्या वाचनात यहोशवा खाली अमालेक्यांशी लढतो आहे आणि मोशे डोंगरावर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की पीछेहाट. शेवटी मोशेचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. मोशेसारख्या माणसालाही आपले हात एकट्याने वर ठेवता आले नाहीत.

त्या दुपारी आम्ही मावशीसमोर बसून नवीन पत्र लिहिले. धमक्या नाहीत, दगडफेक नाही. मुलीचा स्नानसंस्कार आणि दृढीकरण याच देवळात झाले. परदेशी जाण्यापूर्वी चार वर्षे तिने धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. वडिलांच्या अंत्यविधीला ती येऊ शकली नाही, हे आम्ही स्वतः पाहिले. आईचे घर म्हणजे थोरल्या मुलाच्या दोन खोल्या, त्यात सहा माणसे. तिची सहा वर्षांची लेक तिथेच जन्मली, ती त्या देशाची नागरिक आहे, आणि आजीशी फोनवर दोन-चार शब्दांपलीकडे तिला मराठी येत नाही. वेदीसमोर उभे राहून मोठ्याने वाचता आले नसते, असे एकही वाक्य त्यात नव्हते.

मग तिथल्या तिच्या धर्मग्रामाच्या फादरांना लिहिले. ती दर शनिवारी देऊळ झाडते आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची खरेदी करून देते, असे त्यांनी कळवले. लेकीच्या बाईंनी पत्र दिले. ज्या आजीबाई वारल्या होत्या त्यांच्या मुलानेही दिले. घरभाड्याच्या पावत्या, डॉक्टरांचा कागद जमला. अशी अकरा पत्रे झाली. एजंटाला सोडून अधिकृत वकील घेतला. खोट्या एका पत्रावर सारे उभे राहणार होते, तिथे आता अकरा माणसे तिचे हात धरून उभी होती.

अर्ज २०२३ साली गेला. हे लिहीत असताना निकाल आलेला नाही. मंजूर होईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. खरे बोलले की काम होतेच, असे आम्ही आपल्याला सांगणार नाही. मावशी अजून अधूनमधून फोन करते. परवा म्हणाली, "फादर, नाही झालं तरी तिला सांगितलंय, कुणासमोर मान खाली घालायचं कारण नाही." दाखल्याच्या शेवटी प्रभू विचारतो की, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का? मावशीचा फोन ठेवल्यावर आम्हाला तो प्रश्न आठवला.

आणि आपण?

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी एक दस्तऐवज काढला. इजिप्तला पळून गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हा प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श आहे, असे त्यांनी त्यात मांडले. आपण दर नाताळात त्या कुटुंबासाठी गोठा सजवतो. पण आपल्या धर्मग्रामातही बाहेरून आलेली कुटुंबे आहेत. कोणी चाळीत, कोणी नव्या इमारतीत भाड्याने राहतात. त्यांची बोली वेगळी, त्यांची नावे वेगळी. ती रविवारी मागच्या बाकांवर बसतात आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जातात. मुलाला पहिल्या ख्रिस्तशरीरासाठी बसवायचे असले, तर त्यांना पहिला प्रश्न येतो, "यादीत नाव आहे का? किती वर्षं राहता इथे?" कोणी जागा भाड्याने मागितली, की आपण आधी आडनाव विचारतो. कॅनडातील अधिकाऱ्याने आपल्या लेकीला माणूस म्हणून पाहावे, अशी आपली प्रार्थना असते. इथे मात्र त्या अधिकाऱ्याची खुर्ची आपलीच आहे, आणि आपण तिच्यावर कसे बसतो?

आपल्याला आपल्या वाडीचा, विहिरीचा, सातबाऱ्याचा अभिमान आहे, आणि तो असावा. पण लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना, ज्यांना त्याने स्वतःच जमीन दिली त्यांना, बजावतो की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आणि कुळे म्हणून राहता. देवाच्या दप्तरी आपण सारेच भाडोत्री आहोत. कायमचे वास्तव्य आपल्याला जिथे मिळायचे आहे, तिथला अर्ज अजून चालू आहे. त्यासोबत आपल्यासाठी पत्र कोण लिहील? आपल्या दारी आलेल्या उपऱ्यांच्या साक्षीला तिथे मोठे वजन असेल, असे आम्हाला वाटते.

म्हणून तीन विनंत्या :

ज्यांची माणसे परदेशात कागदपत्रांच्या अडचणीत आहेत, त्यांनी लाज न बाळगता धर्मग्राम कार्यालयात यावे. का गेली, असे आम्ही विचारणार नाही. जे खरे आहे ते, वर्षे आणि तपशील देऊन, लिहून देऊ. तयार मजकुरावर मात्र सही मिळणार नाही. एजंटाला पैसे देण्याआधी तो अधिकृत आहे का, याची खात्री करावी.

प्रत्येक लघुख्रिस्तसमूहाने आपल्या भागातील भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाला पुढच्या बैठकीला घरी जाऊन बोलवावे. निरोप पाठवू नये, स्वतः जावे.

आज मिशन रविवार आहे. दुसरी झोळी फिरेल तेव्हा देणगी तर द्यावीच. पण मिशन दूर कुठेतरी असते, असे समजू नये. ते मागच्या बाकावरही बसलेले असते.

आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर कोणी बराच वेळ बसलेले दिसले, तर आत येऊन आम्हाला सांगावे. आम्ही प्रवचन लिहीत असलो तरीही सांगावे.

प्रभूच्या सेवेतील आपला,
प्रमुख धर्मगुरू